चुंबकाचा अंमल आणि अलिबागची वेधशाळा

चुंबक लोखंडास ओढतो हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्याचा अंमल सभोवारच्या मोकळ्या जागेतही चालतो, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मनास पटत नाही. चुंबकाच्या कांबीवर जाड कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरावा आणि कागदास हलकेच टिचकी मारावी, म्हणजे तो कीस एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे वळणाऱ्या कमानदार रेषांत मांडला जातो. ध्रुवांपाशी या रेषा दाट, तर दूरवर विरळ दिसतात. हा प्रभाव जेथवर पोहोचतो, तो प्रदेश म्हणजे चुंबकीय क्षेत्र. कांब मधोमध तोडली तरी ध्रुव विलग होत नाहीत. प्रत्येक तुकड्यास पुन्हा दोन ध्रुव असतातच.

क्षेत्र निर्माण करण्याचा मक्ता मात्र एकट्या चुंबकाकडे नाही. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळची चुंबकसूची आपली दिशा सोडते, असे 1820 साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड यांच्या निदर्शनास आले. पृथ्वीचे क्षेत्रही तिच्या गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या अभिसरणातून उद्भवणाऱ्या प्रवाहांवर टिकून आहे, आणि सूर्यावरील उत्पातांनी ते क्षुब्ध होते. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद दप्तरी आहे. त्या सौर वादळाचा विचार करताना संशोधकांना आजही या नोंदीचा आधार घ्यावा लागतो.

ज्या तत्त्वाने ओर्स्टेड यांची सूची ढळली, त्याच तत्त्वाने पुढे कुलाब्याच्या चुंबकीय वेधांनाही स्थलांतर करावे लागले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाचे क्षेत्र वेधांत मिसळणार हे उघड झाले. कारण आपणास ढळवणारे क्षेत्र सूर्यामुळे उपजले की ट्राममुळे, हा भेद सूचीस करता येत नाही. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबाग पसंत केले. तेथील वास्तूत लोखंड मुळीच येऊ न देता पोरबंदरी दगड, सागवान आणि तांबे-पितळ एवढ्यावर काम भागविले. 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले; त्यामुळे स्थलभेदाचा फरक नेमका कळून कुलाब्याच्या जुन्या नोंदी अलिबागच्या नव्या नोंदींशी बिनचूक जोडता आल्या. 1907 साली विजेची ट्राम मुंबईत धावू लागली, तोवर हा सारा बंदोबस्त पुरा झाला होता.