मुलाखत बांधावरची

बियाणं, खतं, ठिबक यांच्या कंपन्या शेतावर फिरणारी माणसं घेतात तेव्हा लातूर-नांदेडकडे मुलाखत बहुतेक वेळा एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये असते. बाहेर खुर्च्यांवर बसलेली पोरं बघितली की पोटात कालवतं. निलंगा, मुखेड, कंधारहून पहाटेच्या एसटीनं आलेली. अंगात मित्राचा कोट, गळ्यात पहिल्यांदाच बांधलेला टाय, पायात कालच घेतलेले चकचकीत काळे बूट आणि टाचेचं कातडं सोललेलं. काम मात्र दिवसभर मोटारसायकलवर गावं पालथी घालायचं, सोयाबीनच्या तासात उतरून पानं उलटी करून अळी बघायचं, सांजेला पारावर बैठक घ्यायचं.

कोटासाठी उसने पैसे काढू नका, हे मी भेटेल त्या पोराला सांगतो. या कामाचे कपडे पायापासून ठरवावेत.

काही ठिकाणी प्रश्नोत्तरं झाली की साहेब म्हणतात, "चला, जरा प्लॉटवर जाऊन येऊ." खरी मुलाखत तिथं होते. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला थरावर थर चिकटते. थोडं चाललं की पाय उचलेनासा होतो. गुळगुळीत तळाचा बूट घसरतो, मग पोरगं बांधावरच थांबतं. त्याला पिकातलं कळत नाही असं मुळीच नसतं, बूट त्याला आत जाऊ देत नाही. लेसचे, रबरी तळाला चांगल्या खाचा असलेले, रोजच्या वापरातले बूट धुऊन-पुसून घालावेत. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, ही मुलं गावात राहिलेली असतात, चिखल तुडवलेला असतो. तेव्हाचे बूट घरी ठेवून ती मुलाखतीला नवे घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शर्ट पूर्ण बाह्यांचा आणि सुती. याचं कारण शेतातच दिसतं. खुरपणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्याकडच्या बाया साडीवर घरातल्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल घट्ट बांधतात. ऊन, कुसळं, पात्यांची धार, सगळ्यावर तो उपाय आहे. उसाच्या फडात अर्ध्या बाहीनं गेलेल्या माणसाचे हात बाहेर येईपर्यंत ओरखडलेले असतात. फवारणीच्या दिवसांत तर बाही ही जिवाची गोष्ट होते. २०१७च्या खरिपात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कीटकनाशक श्वासातून जातं तसं कातडीतूनही अंगात जातं. शेतकऱ्याला अंग झाकायला सांगणाऱ्यानं स्वतः उघड्या हातांनी पिकात उतरू नये.

रंग फिका असावा, उन्हात बरा पडतो. पण नांदेडकडे, विशेषतः अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात जायचं असेल तर पांढराशुभ्र टाळावा. केळीच्या चिकाचा डाग कशानंही निघत नाही. फिका राखाडी किंवा मातकट चालतो. पँट इतकी सैल हवी की उकिडवं बसून खोडाजवळची माती उकरता येईल. घरी ती घालून उकिडवं बसून बघावं, गाडीला किक मारून बघावी. तंग जीन्स इथंच नापास होते.

मुलींची अडचण वेगळी. पंजाबी ड्रेसला बहुधा खिसा नसतो, आणि वही, पेन, भिंग, फोन हातात धरून पान तपासता येत नाही. शिंप्याकडून दोन खोल खिसे शिवून घ्यावेत. ओढणी कमरेला बांधता येईल अशी असावी आणि पायात चपलेऐवजी बूट.

इस्त्री मात्र हवीच. तालुक्याला निघालेला आपला म्हातारा शेतकरीसुद्धा घडीचा पांढरा सदरा काढतो. त्याच्या दारात चुरगळल्या कपड्यांनी जाणं म्हणजे त्याचा मान न राखणं, आणि मुलाखत घेणारे हे बरोबर हेरतात.

पोलीस शिपाई, वनरक्षक अशा सरकारी मैदानी नोकऱ्यांत मुलाखत नसते, पण कपड्या-बुटांचा प्रश्न तिथंही असतोच. पोलीस भरतीत छातीवर नंबर लागतो आणि मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक यांवर ५० गुण ठरतात. २०२४ची भरती १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. कितीतरी मैदानांवर चिखल झाला. अशा वेळी सुका टी-शर्ट आणि मोज्यांचा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत असावा, कागदपत्रांसारखाच.

किनवट-माहूरच्या सागवानी जंगलाकडे बघत वाढलेली मुलं वनरक्षक व्हायचं म्हणतात. तिथं मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर धावायचं आणि निवडीनंतर ४ तासांत चालायचं: मुलांनी २५ किलोमीटर, मुलींनी १६. मुलांची तासाला सव्वासहा किलोमीटरची ती चाल बघायला सोपी वाटते, पण नव्या बुटात अर्ध्या वाटेवरच फोड येतात आणि वर्षभराचा अभ्यास पायाशी अडतो. बूट निदान महिनाभर आधी घ्यावेत, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. रोज पहाटे त्यांतच चालावं. मोजेही त्या दिवशी नवे नकोत, आधी वापरून धुतलेले असावेत.