आधी पानं मांडा

पंगतीत आधी पानं मांडतात, मग वाढप. काचीगुड्यात आमच्या मंडळाचा दिवाळी अंक घरच्या कम्प्युटरवर लावायला घेतला, तेव्हा मीही तेच ठरवलं. लेख येतील तेव्हा येतील. अठरा फायली ०१, ०२, ०३ अशा आधीच मांडून ठेवू.

कम्प्युटर सिकंदराबादच्या सीटीसी या कम्प्युटर बाजारातून घेतलेला जुना, त्यावर उबुंटू २२.०४. हाताला सवय विंडोजची: राइट क्लिक, न्यू, टेक्स्ट डॉक्युमेंट. इथे राइट क्लिकला नवं फोल्डर मिळे, नवी फाईल नाही. मग रायटर उघडा, सेव्ह करा, नाव द्या, बंद करा. तिसऱ्या फायलीलाच कंटाळलो.

भाची शेजारीच बसली होती. तिने टर्मिनल उघडलं, 'टच' लिहून महिरपी कंसात ०१ ते १८, पुढे ओडीटी, आणि एंटर. अठरा फायली हजर! 'टच' खरं तर फायलीची वेळ बदलणारी आज्ञा; फाईल नसेल तर ती तयार करते. पण प्रत्येकीचं वजन शून्य बाइट. आत ना आमचा फाँट, ना समास, ना पानाचा आकार.

"मामा, ह्या रिकाम्या आहेत. तुम्हाला कोऱ्या हव्यात."

फरक मला तेव्हा कळला. एकदाच एक पान नीट आखलं: मुक्ता फाँट, अंकाचा आकार, समास. ते 'लेख' नावाने होममधल्या टेम्पलेट्स फोल्डरमध्ये ठेवलं. आता राइट क्लिकला 'न्यू डॉक्युमेंट' आलं, त्यात 'लेख'. एक फाईल काढली, कंट्रोल सी, मग कंट्रोल व्ही सतरा वेळा. सगळ्या निवडून एफ२ दाबलं, की क्रमांकासह नावं एकदम बदलता येतात.

पुढे एका लेखाचं लांबलचक शीर्षक फायलीला द्यायला गेलो, तर घेईना. नावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा वेगळे मोजायचे. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. तेव्हापासून नावात क्रमांक आणि लेखकाचं आडनाव, बस्स.

आता फोल्डर आकाराच्या क्रमाने लावलं, की कोऱ्या फायली एकाच वजनाच्या, एका रांगेत दिसतात. काल त्यात चारच उरल्या होत्या. सात नंबरवाल्यांना फोन लावला: "सर, तुमचं पान कधीचं मांडलंय. वाढायला कधी येताय?"