थांबायचे, पण विसरायचे नाही
प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घ्यावे का?

दोन वर्षांपूर्वी, आवणीच्या तोंडावर, मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरून सत्तरीचे एक आजोबा मुलासोबत माझ्याकडे आले. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मुंबईत त्यांची पूर्ण ग्रंथी काढून दोन महिने झाले होते. मुलाने विचारले, "डॉक्टर, गाठ तर काढली. मग आता बाबांना लाईट कशाला? महिनाभर मुंबईत राहायचे, तर आवणी कोण करणार?"

वाचकहो, हा प्रश्न चुकीचा नव्हता. तो आपल्याही घरात विचारला गेला असेल, तर त्याचे उत्तर शांतपणे समजून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर दोन कागद महत्त्वाचे असतात. पहिला, काढलेल्या ग्रंथीचा तपासणी अहवाल. कर्करोगाच्या पेशी कापलेल्या कडेपर्यंत पोहोचल्या होत्या का, ग्रंथीचे आवरण ओलांडून त्या शुक्राशयात किंवा लसिकाग्रंथींत गेल्या होत्या का आणि त्यांचा ग्लीसन गुण किती, हे त्यात लिहिलेले असते. दुसरा कागद पीएसए या रक्ततपासणीचा. पूर्ण ग्रंथी काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पीएसए ०.१ च्या खाली, जवळजवळ शून्यावर यायला हवा. लघवीच्या मार्गातून दुर्बिणीने ग्रंथी केवळ खरवडली असेल, तर मात्र हा हिशेब लागू होत नाही.

आमच्या आजोबांच्या अहवालात एका कडेला पेशी होत्या. पीएसए मात्र ०.१ च्या खाली होता. अशा रुग्णांना पूर्वी अनेकदा लगेच रेडिएशन सुचवले जाई. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'रॅडिकल्स' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क व कॅनडा येथील १३९६ पुरुषांपैकी निम्म्यांना लगेच रेडिएशन दिले. उरलेल्यांना निरीक्षणाखाली ठेवून पीएसए वाढू लागल्यावरच दिले. पाच वर्षांनी रोग पुन्हा डोके वर न काढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ८५ टक्के, तर दुसऱ्या गटात ८८ टक्के होते. म्हणजे थांबल्याने तोटा झाला नाही. उलट थांबलेल्यांपैकी बहुसंख्यांना त्या काळात रेडिएशन लागलेच नाही आणि लघवीवरचा ताबा सुटण्याचा त्रासही या गटात कमी होता.

हा त्रास किरकोळ समजू नका. रेडिएशनने लघवीची घाई व जळजळ, पातळ शौच, काही महिन्यांनी शौचातून रक्त असे त्रास होऊ शकतात. लैंगिक क्षमताही घटू शकते. म्हणून गरज नसताना ते न घेणे हाही विचारपूर्वक केलेला उपचारच आहे.

तरी सर्वांनीच थांबावे असे नाही. शस्त्रक्रियेनंतर पीएसए खाली आलाच नाही, लसिकाग्रंथींत रोग सापडला, किंवा ग्लीसन ८ ते १० असून रोग आवरणाबाहेर गेला असेल, तर पुढील उपचारांविषयी कर्करोगतज्ज्ञांशी तत्काळ बोलावे.

थांबण्याची एक अट मात्र आहे. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तशी, पीएसए तपासणी झालीच पाहिजे; शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. आकडा ०.१ च्या वर चढू लागला किंवा सलग वाढत गेला, तर पुन्हा तपासून तज्ज्ञांकडे जावे. ०.५ च्या पुढे जाण्याआधी दिलेल्या रेडिएशनचा गुण अधिक येतो. लक्षणांची वाट पाहू नका. या टप्प्यावर रुग्णाला काहीच दुखत नसते.

आपल्या भागात खरी अडचण इथेच येते. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो आणि तपासणीची तारीख मागे राहते. त्या आजोबांचेही तसेच झाले. तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते थांबले. सप्टेंबरची तपासणी झाली. डिसेंबरात मुलगा भिवंडीला गेला आणि तपासणी हुकली. जानेवारीत सूनबाई त्यांना घेऊन आल्या, कारण फाईलच्या पुठ्ठ्यावर आम्ही तारखा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात आकडा ०.१ च्या वर गेला. दुसऱ्या तपासणीतही तसाच आला. पेरणीपूर्वी मुंबईत चार आठवड्यांत वीस वेळा रेडिएशन घेऊन ते परतले. आता आकडा पुन्हा खाली आहे.

जव्हार-मोखाड्यात रेडिएशनचे यंत्र नाही. नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणून सोय आधीच पाहून ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांची चौकशी करा, शिधापत्रिका व आधार जवळ ठेवा. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे.

तज्ज्ञांना तीन प्रश्न अवश्य विचारा: आमचा धोका कमी की जास्त? आम्ही थांबलो, तर कोणत्या आकड्याला परत यायचे? लघवीवर ताबा येईपर्यंत थांबता येईल का? उत्तरे फाईलवर लिहून घ्या.

आणि घरातल्यांना विनंती: तपासणीची तारीख एकट्या रुग्णावर सोडू नका. घरातील एका माणसाने ती आपली जबाबदारी मानावी. ते जमणार असेल, तर निर्धास्त थांबा. जमणार नसेल, तर तसे तज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. तेही निर्णयाच्या वेळी विचारात घ्यावे लागते.