सिनेमा पाहतो मराठीत, बोलतो कशात?

सीमाभागातील मराठीचा प्रश्न म्हटला की शाळा, पाट्या आणि सरकारी कागद आपल्यासमोर येतात. ते रास्तच आहे. पण भाषा आणखी एका वाटेने गळते आणि तिकडे आम्हा समितीवाल्यांचेही लक्ष नसते.

आठवीच्या वर्गाला आम्ही 'श्वास' (२००४) दाखवला. दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेआधी गुपचूप बाहेर नेऊन शहर दाखवतात, तो प्रसंग पाहून मुले रडली. त्यावर लिहायला सांगितले, तर बहुतेकांनी 'पिक्चर भारी आहे' एवढे लिहून वही मिटली. दोष मुलांचा नाही. सिनेमाविषयीचे सकस मराठी त्यांच्या डोळ्यांखाली येते कोठे? पुरवण्यांत नटनट्यांची लग्ने असतात. (संपादक हे वाक्य ठेवतील, अशी आशा आहे.)

मुंबईत १९६८ साली सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आदी मंडळींनी 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन केले. देशोदेशीचे चांगले चित्रपट पाहायचे आणि त्यांवर चर्चा करायची, हा शिरस्ता. याच मंडळाने 'रूपवाणी' हे नियतकालिक काढले. पुढे ते 'वास्तव रूपवाणी' या नावाने निघू लागले. जगाच्या सिनेमावर गंभीरपणे लिहायचे आणि तेही मराठीत, हे त्याचे मोल. मराठीला ते जड नाही. 'दिग्दर्शक', 'बोलपट', 'मध्यंतर' हे सावरकरांनी दिलेले शब्द आज कोणाला घडवलेले वाटतही नाहीत. अरुण खोपकरांच्या गुरुदत्तवरील मराठी पुस्तकाला तर १९८५ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

असे मासिक कोणाच्या हाती असते, यालाही महत्त्व आहे. फ्रान्समध्ये १९५१ साली निघालेल्या 'काहिए द्यू सिनेमा'त त्रुफो, गोदार आधी समीक्षक म्हणून लिहीत. दिग्दर्शक ते नंतर झाले. २०२० मध्ये ते मासिक उद्योगपती आणि चित्रपट निर्मात्यांच्या गटाने विकत घेतले, तेव्हा संपूर्ण संपादकवर्ग बाहेर पडला. निर्माताच मालक झाल्यावर त्याच्या चित्रपटावर परखड लिहायचे कोणी? 'रूपवाणी' निघाले ते प्रेक्षकांच्याच संस्थेतून.

आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या वाचनालयांनी असे अंक, जुने मिळाले तरी, मागवावेत. एका सभेच्या मंडपाहून खर्च कमीच येईल. आमची ती मुले आता नववीत आहेत. त्यांना 'श्वास' पुन्हा दाखवायचा आहे. जुन्या वह्या आम्ही जपून ठेवल्या आहेत.