तसबिरीची पाठ

देवरूखहून साखरप्याकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा ज्या वाड्या लागतात, त्यांतल्या एखाद्या जुन्या घरात शिरण्याचा प्रसंग आला, तर माजघराच्या दारावर, देवादिकांच्या तसबिरींच्याच ओळीत, लष्करी पोशाखातला एखादा पुरुष ताठ उभा असलेला पुष्कळदा दृष्टीस पडतो. चौकशी करावी, तर घरातले वृद्ध अभिमानाने सांगतात, "हे आमचे पणजोबा. जर्मनच्या लढाईत बसऱ्याला होते." याहून पुढे विचारले, की उत्तरे अंधुक होत जातात, पलटण कोणती, साल कोणते, फोटो निघाला कुठे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना जाऊन दोन पिढ्या उलटलेल्या असतात.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहावी. १९१७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या दप्तरात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, हिंदी फौजेची छायाचित्रे आहेत. त्यांतली कित्येक एरिएल व्हार्जेस या सरकारी छायाचित्रकाराने घेतलेली. गर्डवुड नामक गृहस्थाने १९१५ साली फ्रान्समध्ये टिपलेले हिंदी शिपाई ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. तिथे प्रत्येक चित्राला क्रमांक आहे, पुष्कळांना स्थळ आणि तपशील आहे. मात्र चित्रातल्या माणसाचा उल्लेख बहुधा 'हिंदी शिपाई' एवढ्यावरच आटोपलेला असतो. तिकडे दाखला आहे, नाव नाही. इकडे नाव आहे, दाखला नाही. जुन्या लष्करी छायाचित्राचे मूळ शोधणे म्हणजे या दोन अर्धुकांची रुजवात घालणे होय.

या कामाचा आरंभ तसबिरीच्या पाठीपासून करावा. कोकणातल्या दमट हवेत कागद काचेला चिकटून बसतो, आणि तो ओढून सोडवू पाहणाऱ्याच्या हाती पणजोबांचा निम्मा चेहराच तेवढा येतो. म्हणून चिकटलेले चित्र काचेसकट ठेवून त्याचेच छायाचित्र घ्यावे, हे उत्तम. चित्र सुटे असेल, तर पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का, कँपाचे नाव, कधी मोडी अक्षरांत लिहिलेली एखादी ओळ सापडते. पाठीवर पोस्टकार्डासारख्या पत्त्याच्या रेघा छापलेल्या असतील, तर ते चित्र विसाव्या शतकातले समजण्यास हरकत नाही. उलट, पातळ, पिवळसर, तकतकीत कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल, तर तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालणारा कागद असण्याचा संभव फार. असे चित्र पहिल्या महायुद्धातले म्हणून सांगितले जात असेल, तर घरातल्या हकीकतीत एका पिढीची सरमिसळ झालेली असावी.

यानंतर पोशाख. खांद्यावर किंवा पगडीवर पितळी अंक दिसला, की अर्धे काम झाले असे समजावे, कारण हिंदी फौजेत पलटणींचे अंक ठराविक सालीच बदलले. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या अंकांत १९०३ साली, सरसेनापती किचनेरच्या कारकिर्दीत, सरसकट शंभर मिळवण्यात आले. तिसरीची एकशे तिसरी, दहावीची एकशे दहावी, सतरावीची एकशे सतरावी झाली. १९२२ साली पुन्हा फेरफार होऊन १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या छत्राखाली आल्या. म्हणजे छातीठोकपणे '११०' मिरवणारा शिपाई १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतलाच. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या; ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या त्या वेढ्याच्या शेवटी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि त्याचे शिपाई तुर्कांचे कैदी झाले. 'बसऱ्याला होते' या दोन शब्दांत किती उपासमार दडलेली असू शकते, याची कल्पना त्या पितळी अंकावरून येते.

पदकांचे साक्षीपुरावे तर याहून भक्कम. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या तारकेवर हाच मजकूर पाठीमागे सापडतो. वॉर मेडल लढाऊ शिपायाला चांदीचे, तर मजूर पथकातल्या माणसाला काशाचे मिळे. चांदीची कित्येक पदके सोनाराच्या मुशीत गेली असल्यास नवल नाही. तरी तांदळाच्या कणगीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात एकवार हात घालून पाहावा. चित्रात पदके उजव्या छातीवर दिसली, तर पुष्कळदा काच उलटी छापली गेलेली असते, कारण स्वतः मिळवलेले पदक डावीकडेच लावण्याचा शिरस्ता आहे. रंगांविषयी अनुमान करताना मात्र सावध राहावे. त्या काळच्या काचांना तांबडा रंग काळपट आणि निळा फिका दिसे, म्हणून काळा वाटणारा कोट लाल बनातीचा असू शकतो.

मागचा पडदाही फसवतो. रंगवलेले खांब आणि बाग पाहून युरोपची कल्पना करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे बेळगावला गेलेल्या रंगरुटाला असला पडदा छावणीच्या बाजारातच भेटत असे.

काही चित्रांचे साल अंकावरून ठरत नाही, ते सरकारच्या धोरणावरून ठरते. मुंबईच्या फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातल्या महार शिपायांचा भरणा मोठा होता. दापोली ही त्यांच्या पेन्शनरांची वसाहतच होती. १८९२-९३ च्या सुमारास 'लढवय्या जाती'च्या कल्पनेपायी त्यांची भरती बंद झाली, आणि त्या अन्यायाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर शिपायाने सरकारकडे दाद मागणारा अर्ज लिहिला. पुढे १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात निघाली, आणि तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. एखाद्या महार घराण्यातल्या तरुण, नव्या रंगरुटाचे चित्र १९०५ चे म्हणून सांगितले, तर संशय घ्यावा. स्तंभाचा बिल्ला दिसला, तर साल आपोआप पदरी पडते.

नावांची हेळसांड केवळ चित्रांतच झाली, असे नाही. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे गावात एक शिळा आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून १११ माणसे गेली आणि ६ परतली नाहीत, एवढा हिशेब तिच्यावर आहे. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या, नावे वहीत. तेव्हा ज्या घरात नाव अजून तोंडी शिल्लक आहे, तिथे ते जाणत्या माणसाकडून आजच विचारून घ्यावे. सोबत गाव, वाडी, पलटण आणि कोणी सांगितले तेही टिपावे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावातल्या रेजिमेंटल सेंटरला विचारणा करताना पदकावरचा नंबर प्रथम कळवावा. पाठीवर लिहायचे, तर मऊ पेन्सिलीने, कडेला, कागद पालथा घालून सपाट पाटावर ठेवून. शाई पुढच्या पावसाळ्यात पलीकडे उमटते.