विष पिणारी फुलपाखरं!

काय रे दोस्तांनो, उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराची गोष्ट ऐकलीत का? मारुतीराया संजीवनीचा डोंगर घेऊन उडत निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला म्हणे! पण आज आपण संजीवनी नाही शोधायची. आज शोधायचं एक विषारी झुडूप!

घाबरायचं नाही हं! झुडूप जेमतेम तुमच्या कमरेएवढं. पाऊस सरला की किनाऱ्याजवळची मोकळी रानं, रस्त्याच्या कडा, इमारतींमधले रिकामे तुकडे बघा. पिवळ्याधमक फुलांचे तुरे दिसले? फूल अगदी वाटाण्याच्या फुलासारखं? मग तो खुळखुळाच! वाटाणा, तूर, हरभरा हे सगळे त्याचे भाऊबंद. शेतकरीदादा शेतात गाडून ज्याचं खत करतात, तो ताग तर त्याचा सख्खा भाऊ.

वाळलेली शेंग कानाजवळ धरून हलवा. खुळ्-खुळ्-खुळ्! आतल्या बिया सुटून मोकळ्या झालेल्या असतात ना! फक्त त्या बिया तोंडात घालायच्या नाहीत. गुरांनी हे झुडूप फार खाल्लं, तर त्यांचं यकृत बिघडतं, इतकं विष त्यात असतं.

आणि आता खरी गंमत! एखादी फांदी मोडून सुकायला लागली की तिथे फुलपाखरं जमतात. मधल्या सुट्टीत नळापाशी आपण करतो ना, तश्शी ढकलाढकली! काळ्या पंखांवर निळसर ठिपके असलेली ‘ब्लू टायगर’ आणि गडद तपकिरी ‘कॉमन क्रो’ तर हमखास.

मध प्यायला आली असतील? छे! शेजारची ताजी फुलं सोडून ती चक्क सुकलेल्या पानांवर बसतात. सोंडेतून थेंबभर द्रव सोडतात, पान भिजवतात आणि मग शोषून घेतात... काय सांगा पाहू? विष!

अजून एक गुपित. या गर्दीत बहुतेक सगळे नर! कारण या विषापासून ते अत्तर बनवतात. खरंच! त्यांच्या पोटाच्या टोकाशी केसांचे इवलेसे ब्रश लपलेले असतात. मादी दिसली की नर ते ब्रश फुलवतो आणि सुगंध उधळतो. ज्याला पुरेसं विष मिळालं नाही, त्याचं अत्तर फिकं. मग मादी कशाला बघतेय त्याच्याकडे!

यांच्या काही नातेवाईक फुलपाखरांत तर नर मादीला विषाचाच आहेर देतो. मादी ते विष आपल्या अंड्यांत उतरवते. मग अंडी खायला आलेले किडे तोंड वाकडं करून निघून जातात. मला तर हा आहेर भारीच आवडला!

बरं, एखादी शेंग वाजलीच नाही तर? तिला भोक आहे का बघा. आत एक सुरवंट बसलेला असू शकतो. बाहेरचं टरफल तसंच ठेवून तो विषारी बिया फस्त करतो. त्याला काही होत नाही, उलट तोच कडू होतो! मोठा झाला की त्याचा पांढरा पतंग होतो, अंगावर लाल-काळे ठिपके. बाकीचे बहुतेक पतंग दिवसा लपून बसतात. हा मात्र भर उन्हात, पक्ष्यांच्या डोळ्यांदेखत उडतो!