‘हात तर लावला नाही ना?’ : असॉल्टबद्दलचे गैरसमज

‘हात लावला का त्याने? नाही ना? मग कसला असॉल्ट?’ तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हा प्रश्न इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने विचारला जातो, की त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यायलाच हवं. सोसायटीच्या सभेत कुणी खुर्ची उगारतो. रुग्णालयात नातेवाईक डॉक्टरच्या अंगावर धावून जातात. एसटीच्या वाहकासमोर प्रवासी मूठ आवळून उभा राहतो. कुणीतरी मध्ये पडतं, वार होत नाही, आणि लगेच सल्ला मिळतो, ‘लागलं तर नाही, सोडून द्या.’ बातम्यांमध्येही तेच. मूळ इंग्रजीत ‘असॉल्टेड’ दिसलं की मराठीत ‘मारहाण केली’ असं ठोकून दिलं जातं, मग प्रत्यक्षात चापट बसलेली असो वा नसो.

गैरसमज : मार बसल्याशिवाय असॉल्ट होत नाही.

वस्तुस्थिती : भारतीय कायद्यात असॉल्ट हा मार बसण्याआधीच पूर्ण होतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेत त्याची व्याख्या कलम 351 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 130 मध्ये आहे आणि आशय तोच आहे. समोर हजर असलेल्या माणसाला ‘हा आता माझ्यावर बळाचा वापर करणार’ असं वाटावं, या हेतूने कुणी हावभाव केला किंवा तयारी केली, तर तो असॉल्ट. तसं वाटण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही केलं, तरी असॉल्टच. कायद्याच्या मराठी पाठात त्याला ‘हमला’ म्हटलं आहे. या व्याख्येत रक्त नाही, जखम नाही, साधा स्पर्शसुद्धा नाही.

कायद्याने याची उदाहरणंही कलमाखालीच दिली आहेत. पहिलं सरळ आहे : एकाने दुसऱ्यावर अशी मूठ उगारली, की आता ठोसा बसणार असं त्याला वाटावं. असॉल्ट झाला. दुसरं नीट वाचण्याजोगं आहे. एक जण आपल्या हिंस्र कुत्र्याच्या तोंडाची मुसकी सोडायला लागतो. कुत्रा अजून सुटलेला नाही, मालकाचं बोटही कुणाला लागलेलं नाही. तरीही, आता हा कुत्रा अंगावर सोडणार असं समोरच्याला वाटावं हा त्याचा हेतू असेल, तर गुन्हा तिथेच पूर्ण झाला. ही उदाहरणं दीडशेहून अधिक वर्षं कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहेत. ती उघडून न बघता ‘लागलं कुठे?’ असं विचारणाऱ्यांना अडाणीपणाची सबब देता येत नाही.

ही कल्पना इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेतून आली. 1830 चा ‘स्टीफन्स विरुद्ध मायर्स’ हा खटला पाहा. गावच्या धार्मिक मंडळाची बैठक चालू होती. वाद वाढला, तेव्हा एका सदस्याला बाहेर काढायचं बहुमताने ठरलं. तो म्हणाला, मी बाहेर जाण्याऐवजी अध्यक्षालाच खुर्चीवरून ओढीन, आणि मूठ आवळून अध्यक्षाकडे निघाला. दोघांच्या मध्ये सहा-सात माणसं बसली होती. अध्यक्षाच्या जवळ बसलेल्याने त्याला वाटेतच अडवलं. ठोसा पोहोचलाच नाही. तरीही निकाल अध्यक्षाच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली एक शिलिंग, पण तत्त्व पक्कं झालं : वार करण्याच्या बेताने अंगावर चालून जाणं हीच आगळीक आहे. ‘असॉल्ट’ या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या झेप घेण्याच्या क्रियेत आहे. आपल्याकडे ‘अंगावर धावून जाणे’ म्हणतात, ते त्याच्या फार जवळचं आहे.

पुढच्या पायऱ्यांना कायद्याने वेगळी नावं दिली आहेत. बळ प्रत्यक्ष वापरलं की तो फौजदारीपात्र बलप्रयोग. वेदना, आजार किंवा दुर्बलता झाली की ती दुखापत. हाड मोडलं, दात पडला, डोळ्याची दृष्टी कायमची गेली, की ती गंभीर दुखापत. आपण मारहाण म्हणतो, ती दुखापतीच्या कलमांत मोडते. म्हणजे असॉल्ट हा मारहाणीचा इंग्रजी प्रतिशब्द नाही. कायद्याच्या दृष्टीने असॉल्ट ही मारहाणीच्या अलीकडची पायरी आहे.

मग हा घोळ झाला कसा? रोजच्या इंग्रजीत असॉल्ट म्हणजे हिंसक हल्ला हा अर्थ खराच आहे आणि तो चूक नाही. शिवाय देश बदलला की कायद्यातला अर्थही बदलतो. इंग्लंडच्या कायद्यात धाक म्हणजे असॉल्ट आणि बेकायदा स्पर्श म्हणजे बॅटरी, असे दोन वेगळे गुन्हे आहेत. अमेरिकेत तर राज्यागणिक फरक. न्यूयॉर्क राज्यात असॉल्ट सिद्ध व्हायला शारीरिक इजा लागते, नुसता धाक दाखवण्याला वेगळं नाव आहे. कॅलिफोर्नियात मात्र इजा करण्याचा प्रयत्न म्हणजे असॉल्ट आणि प्रत्यक्ष बळाचा वापर म्हणजे बॅटरी. तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयातली बातमी ‘मारहाण’ म्हणून छापली तर चालेल, पण पुण्याच्या पोलीस ठाण्यातला गुन्हा त्याच शब्दाने छापला तर तो चुकीचा छापला जाण्याचीच शक्यता जास्त. भाषांतर करणाऱ्याने आधी घटना कुठली आणि कलम कुठलं हे बघावं, मग लेखणी उचलावी. एवढी अपेक्षा जास्त नाही.

ही शब्दांची चिकित्सा वाटत असेल, तर न्याय संहितेचं कलम 74 काढा. जुन्या कलम 354 चं हे नवं रूप, म्हणजे आपण ज्याला विनयभंग म्हणतो ते. त्यात ‘हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग’ असं लिहिलं आहे. मधला ‘किंवा’ फार महत्त्वाचा आहे. स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने कुणी तिच्या अंगावर झडप घातली आणि ती निसटली, तर ‘स्पर्श झालाच नाही’ म्हणून तिला परत पाठवता येत नाही. कामावरच्या सरकारी कर्मचाऱ्याला अडवण्यासाठी केलेल्या हमल्याचंही तसंच. ते कलम आता 132 आहे, आधी 353 होतं. महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून त्या जुन्या कलमाची शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत नेली होती. ‘हात तर लावला नाही’ हा बचाव इथे पुरत नाही, आणि तो ऐकून घेणाऱ्याने कायदा वाचलेला नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज : सेक्शुअल असॉल्ट म्हणजे बलात्कार.
वस्तुस्थिती : मुलांच्या संरक्षणाच्या 2012 च्या पोक्सो कायद्यात कलम 7 खालचा लैंगिक हमला हा लैंगिक हेतूने केलेल्या शारीरिक संपर्काचा गुन्हा आहे आणि प्रवेशासह केलेल्या हमल्याचं कलम 3 वेगळं आहे. त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून कलम 7 लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला तो रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा असल्याचं स्पष्ट केलं. कपड्यावरून केलेला स्पर्शही गुन्हाच आहे.

गैरसमज : नुसत्या धमकीलाही असॉल्ट म्हणतात.
वस्तुस्थिती : आपल्या कायद्यात नुसते शब्द असॉल्ट ठरत नाहीत, पण काठी उचलून ‘तुला बडवतो’ म्हटलं, तर ते शब्द काठी उचलण्याला अर्थ देतात आणि असॉल्ट होऊ शकतो. निव्वळ धमकीसाठी धाकदपटशाचं वेगळं कलम आहे. ब्रिटनमध्ये मात्र 1997 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने फोन करून गप्प राहणंही असॉल्ट ठरू शकतं असं म्हटलं.

गैरसमज : समोरचा घाबरला नाही, तर गुन्हा नाही.
वस्तुस्थिती : व्याख्या हल्लेखोराचा हेतू किंवा जाणीव विचारते. पैलवानावर मूठ उगारली तरी असॉल्ट होतो.

गैरसमज : एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली, म्हणजे गुन्हा घडलाच नाही.
वस्तुस्थिती : साध्या असॉल्टची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो अदखलपात्र आहे, म्हणून दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आदेश मागता येतो.

गैरसमज : 351 आणि 352 म्हणजे असॉल्टची कलमं.
वस्तुस्थिती : जुन्या संहितेत होती. न्याय संहितेत 351 म्हणजे धाकदपटशा आणि 352 म्हणजे शांतताभंगासाठी चिथावणारा अपमान. जुन्या पुस्तकातला आकडा नव्या तक्रारीत लिहू नका.

गैरसमज : इंग्रजीत ‘असॉल्टेड ऑन मी’ लिहावं.
वस्तुस्थिती : ‘ऑन’ नामाला लागतो, क्रियापदाला नाही. मराठीतला ‘वर’ इंग्रजी अर्जात नेऊ नका.

कुणी तुमच्या अंगावर धावून आलं असेल, तर तक्रारीत ‘शिवीगाळ करून मारहाणीचा प्रयत्न’ असं मोघम लिहून थांबू नका. त्याने काय उगारलं, तो किती अंतरावर होता, तेव्हा कोणते शब्द बोलला, कुणी अडवलं आणि तिथे कोण हजर होतं, हे सगळं लिहा. असॉल्ट याच तपशिलांवर ठरतो. आणि ‘हात तर लावला नाही ना?’ असं कुणी विचारलंच, तर त्याच्यासमोर कलम 130 उघडून ठेवा.